मुख्यालय टेक्सासला, बिऱ्हाड कुठे?

ताई, नमस्कार.

आम्ही २०१३ पासून कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. नवरा सॅन होजेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या महिन्यात कंपनीने सगळ्यांना बोलावून सांगितलं, मुख्यालय ऑस्टिनला हलवतोय. इथे कर फार, नियम फार. याच्या टीमला निरोप असा: १ ऑगस्टपर्यंत ऑस्टिनला या, सामान हलवायचा खर्च आमचा, यायचं नसेल तर ‘पुढे बघू’. उत्तर ३० एप्रिलपर्यंत द्यायचंय. नवऱ्याने रातोरात एक्सेल शीट केली. दोघांचा मिळून पगार अडीच लाख डॉलर (त्याचे १ लाख ९० हजार, माझे ६० हजार), त्यावर ९.३ टक्के राज्याचा कर, म्हणजे वर्षाला २३ हजार वाचणार. मी तोंड उघडलं की तो शीट उघडतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्याचे तीन दिवस काम करते. मोठी मुलगी नववीत, ती पुण्यात जन्मलेली, धाकटा इथला. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज (आय-१४०) मंजूर, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१५ ची, वर्ग ईबी-२. मी एच-४ ईएडीवर, म्हणजे त्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. घर २०१६ मध्ये घेतलं आणि २०२१ मध्ये २.७५ टक्क्यांनी रिफायनान्स केलं. मी पैशाला नाही म्हणणारी वेडी आहे, की मला नुसती हलायचीच भीती वाटतेय?

– एक वाचक, फ्रीमाँट

नमस्कार.

वेड्या तर मुळीच नाही. थोडी भीती असेल, ती असू द्या. आधी शीटबद्दल बोलू, कारण वीस वर्षं मी लोकांची टॅक्स रिटर्न भरतेय आणि अशी शीट दर मार्चमध्ये कोणीतरी लॅपटॉपवर उघडून माझ्यासमोर धरतंच. तुमच्या मिस्टरांच्या शीटमध्ये सगळे आकडे आहेत, फक्त तुमची ओळ नाही. तुमचे ६० हजार त्यांनी उत्पन्नात धरले. ते ऑस्टिनला पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून येणार कुठून, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

त्यांना फार बोलू नका. आपल्याकडून आलेल्या माणसाचे इथे डोळे दिपतातच. पुण्याहून हैदराबादला बदली झाली तरी आयकर तोच, केंद्राचा. राज्याचं म्हणून पगारातून जातं काय, तर महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. एका राज्यात पगारावर ९.३ टक्क्यांचा टप्पा आणि दुसऱ्यात शून्य, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा लॉटरी लागल्यासारखं वाटतं. शून्य खरंच शून्य आहे. टेक्सासच्या मतदारांनी २०१९ मध्ये वैयक्तिक आयकराला राज्यघटनेतच मज्जाव करून ठेवलाय.

पण कंपनी का जाते आणि तुम्ही का जावं, हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि तुमच्या घरी सध्या कंपनीचा हिशेब आपला म्हणून चाललाय.

कंपनीचा असा बघा. कॅलिफोर्नियाचा कॉर्पोरेट कर ८.८४ टक्के. तो मुख्यालयाची पाटी कुठे आहे यावर ठरत नाही, विक्री कुठे झाली यावर ठरतो. २०१२ मध्ये प्रॉपोझिशन ३९ (मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर झालं, आणि २०१३ पासून अनेक राज्यांत धंदा करणाऱ्या बहुतेक कंपन्यांना हाच नियम लागू आहे. पाटी ऑस्टिनला लावली तरी कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाचा कर इथेच भरायचा. मग वाचतं कोणाचं? जागेचं भाडं कमी होतं, पुढच्या भरतीत पगार कमी द्यावे लागतात, बांधकामाच्या परवानग्या लवकर मिळतात, हे सगळं खरं आहे. आणि वरच्या मजल्यावरच्या पाच-दहा जणांचं बरंच वाचतं. दहा लाख डॉलरच्या वर गेलेल्या उत्पन्नावर इथे १३.३ टक्के लागतात. ज्याच्या हातात कोट्यवधींचे शेअर आहेत, त्याच्यासाठी टेक्सासचा पत्ता हीच पगारवाढ. तुमच्या मिस्टरांना तेच भाषण ऐकवलं गेलं, पण आकडा तो नव्हे.

‘नियम फार’ हेही नीट ऐका. त्यातले काही नियम तुमच्याच बाजूचे आहेत. इथे नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नका असं कलम करारात घातलं तरी ते चालत नाही. हा कायदा १८७२ पासूनचा आहे. टेक्सासमध्ये वाजवी मर्यादेतलं असं कलम कोर्ट मान्य करतं. इथे साठलेली सुट्टी म्हणजे कमावलेला पगार, नोकरी सुटली की पैसे द्यावेच लागतात. तिथे कंपनीचं धोरण काय म्हणेल तसं. बदलीबरोबर नव्या कागदांवर सह्या घेतल्या जातील, तेव्हा ‘गव्हर्निंग लॉ’ (करार कोणत्या राज्याच्या कायद्याने चालेल) हे दोन शब्द शोधा. कॅलिफोर्नियात राहून काम करताय तोवर, तुमचा स्वतःचा वकील मध्ये नसताना, तुम्हाला दुसऱ्या राज्याच्या कायद्याखाली ढकलता येत नाही. तिथे राहायला गेलात की ही ढाल गेली.

आता दुसरी गोष्ट. मुख्यालय गेलं म्हणजे काम जातंच असं नाही. तुम्ही तर फ्रीमाँटच्या! टेस्लाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुख्यालय पालो आल्टोहून ऑस्टिनला नेलं, केवढा गाजावाजा झाला. हायवे ८८० वरून जाताना दिसतो तो कारखाना अजून तिथेच आहे. वर २०२३ मध्ये त्याच कंपनीने पालो आल्टोतच इंजिनिअरिंगचं मुख्यालय उघडलं, गव्हर्नरसाहेब शेजारी उभे. ओरॅकलने २०२० च्या डिसेंबरमध्ये रेडवुड शोअर्स सोडून ऑस्टिनचा पत्ता घेतला, आणि २०२४ मध्ये कंपनीचे संस्थापक एलिसन म्हणाले की जागतिक मुख्यालय पुढे नॅशव्हिलला न्यायचंय. बोइंग २००१ मध्ये सिएटलहून शिकागोला गेली आणि २०२२ मध्ये तिथून व्हर्जिनियाला. विमानं बांधणारे बहुतेक हात वॉशिंग्टन राज्यातच राहिले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. तुमच्या बिऱ्हाडात नववीतली मुलगी आहे. उलट बाजूही सांगते. टोयोटाने २०१४ मध्ये जाहीर केलं आणि २०१७ पर्यंत टॉरन्सहून प्लेनोला अख्खा कारभार नेला, माणसांसकट. शेव्हरॉनही सॅन रॅमोनहून ह्यूस्टनला निघाली आहे, पण ऑफिसातली कामं हलवायला पाच वर्षं धरून. तुमच्या कंपनीने तीन-चार महिने दिलेत, यावरून तिने माणसांचा विचार किती केलाय ते दिसतं.

म्हणून मिस्टरांनी मॅनेजरला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: टीममधले कोण कोण जातायत, आणि इथे बे एरियात ऑफिस उरणार आहे का? उत्तर ईमेलवर घ्या. मग पगाराचं विचारा. बऱ्याच कंपन्या गावाप्रमाणे पगार ठरवतात. ऑस्टिनला गेल्यावर १ लाख ९० हजारच राहणार की दहा टक्के कापणार? दहा टक्के कापले तर शीट तिथेच मिटवून ठेवा.

आता ते २३ हजार. ९.३ टक्के सगळ्या पगारावर लागत नाहीत. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नमध्ये साधारण १ लाख ४० हजारांच्या वरच्या भागावरच तो दर लागतो, खालचे टप्पे १ टक्क्यापासून सुरू होतात. घराचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स वजा केल्यावर तुमचा राज्याचा कर मला तेरा हजारांच्या आसपास दिसतो. त्यात एसडीआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा राज्याचा अपंगत्व विमा, मिळवा; २०२४ पासून त्याची पगाराची मर्यादा काढून टाकली, २०२५ चा दर १.२ टक्के, म्हणजे आणखी तीन हजार. हे मिस्टरांच्या शीटमध्ये नव्हतं, त्यांच्या बाजूचं असूनही. झाले सोळा. पण राज्याला भरलेला कर तुम्ही फेडरल रिटर्नमध्ये वजावटीत घेता, ती वजावट जाईल. हातात राहिले तेरा हजार. कमी नाहीत. पण तेवीसही नाहीत. आरएसयू, म्हणजे कंपनीने पगारासोबत देऊ केलेले शेअर, असतील तर आणखी एक: ग्रँट मिळाल्यापासून व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे शेअर प्रत्यक्ष हातात येईपर्यंत, जितके दिवस इथे काम केलं, तितक्या हिश्शावर कॅलिफोर्निया कर लावणारच, तुम्ही ऑस्टिनला बसून व्हेस्ट केलेत तरी. सामान हलवायला कंपनी देईल ते पैसेही फेडरल कराच्या दृष्टीने पगारच. ‘ग्रॉस-अप’ करणार का, म्हणजे त्यावरचा कर कंपनी उचलणार का, आणि वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर पैसे परत मागणार का, तेही विचारून ठेवा.

घराच्या बाबतीत मी जरा जास्त बोलते, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतलाय.

२०१७ मध्ये आम्हीही गेलो होतो, ऑस्टिनच्या उत्तरेला. नवी कोरी सोसायटी, फाटकाशी दगडात कोरलेलं नाव, चार बेडरूमचं घर इथल्या गॅरेजच्या भावात म्हणा ना. पहिल्या वर्षी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं आणि मी नवऱ्याला म्हटलं, बघ, लोक उगाच घाबरवतात. मला, रिटर्न भरणारीला, हे कळायला हवं होतं. टेक्सासमध्ये घराचं मोल १ जानेवारीला जसं असेल तसं धरतात, आणि त्या १ जानेवारीला आमचं घर म्हणजे सिमेंटचा ओटा आणि लाकडाचा सांगाडा होता. दुसऱ्या वर्षी अख्ख्या घराचं बिल आलं. त्यात ‘मड’ नावाचा वेगळा कर, चिखल नव्हे, त्या भागाच्या पाणी-गटारासाठी काढलेल्या कर्जाचा. बँकेच्या एस्क्रोत, म्हणजे करासाठी हप्त्यातून पैसे बाजूला ठेवतात त्या खात्यात, खड्डा पडला, तो भरायला महिन्याचा हप्ता सातशे डॉलरने वाढला. ते पत्र मी पार्किंगमध्ये उभी राहून तीनदा वाचलं होतं.

तुमच्या फ्रीमाँटच्या घराला प्रॉपोझिशन १३ चं कवच आहे: १९७८ पासून मूळ दर १ टक्का, आणि करासाठीचं मोल वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढतं. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या करपात्र मोलाची वाढ वर्षाला १० टक्क्यांवर रोखलेली आहे. होमस्टेड, म्हणजे राहत्या घराची, सवलत चांगली आहे, शाळेच्या करात आता १ लाख ४० हजारांचं मोल वगळतात, पण ती अर्ज करून घ्यावी लागते. तरीही नव्या सोसायटीत सगळे कर धरून २ टक्के किंवा वर सहज जातात. म्हणजे साडेसहा लाखांच्या घराला तेरा हजारांच्या घरात. इथे २०१६ च्या मोलावर तुम्ही साधारण तेवढेच भरत असाल. घर स्वस्त, कर तोच.

आणि २.७५ टक्के! तो व्याजदर पुन्हा दिसायचा नाही. साडेसहा टक्के धरले तर सहा लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याज ३९ हजार, २.७५ ने तेच साडेसोळा. इथलं घर विकून पैसे तिथे घातलेत तर कर्ज कमी लागेल हे खरं. पण विकायची घाई करू नका. शेवटच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिला असाल, तर नफ्यातले पाच लाख डॉलरपर्यंत फेडरल करातून सुटतात. म्हणजे निघाल्यावरही साधारण तीन वर्षं तुमच्या हातात आहेत. तोवर भाड्याने द्या. भाड्याचं उत्पन्न इथलंच, त्यावर कॅलिफोर्नियाचं अनिवासी रिटर्न, फॉर्म ५४०एनआर, भरावं लागेल. त्याला घाबरू नका, त्यावर तर माझं घर चालतं.

व्हिसाचं प्रकरण मात्र माझ्या आवाक्यातलं नाही, वकिलाचं आहे, आणि तो कंपनीचा नव्हे, तुमचा हवा. दोनशे-तीनशे डॉलरची एक भेट घ्या. त्याला हे विचारा. कामाची जागा दुसऱ्या महानगरात गेली की हलायच्या आधी एच-१बीची सुधारित याचिका दाखल करावी लागते. ती कंपनी कधी करणार? पर्म, म्हणजे ग्रीन कार्डासाठी लागणारं कामगार खात्याचं प्रमाणपत्र, कामाच्या ठिकाणाशी बांधलेलं असतं. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, दाखल होऊन १८० दिवस झालेले नसतील, आणि २०१५ च्या ईबी-२ वाल्यांचे ते झालेले नसणार, तर ऑस्टिनसाठी नवं पर्म आणि नवं आय-१४० लागेल. प्रायॉरिटी डेट तीच राहते, रांगेतली जागा जात नाही. पण नवं पर्म करण्याचं कंपनी लेखी कबूल करते का? तुमची मुलगी पुण्यात जन्मलेली; २१ वर्षांची झाली की ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते. सात वर्षं लांब वाटतात. त्यातली दीड-दोन कागद पुन्हा करण्यात घालवायची नसतात.

‘पुढे बघू’चंही विचारा. ७५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने सगळा किंवा जवळजवळ सगळा कारभार १०० मैल किंवा त्याहून लांब नेला, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याने माणसांना ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस असेल तर ती नोटीस आहे, ‘पुढे बघू’ नाही. राहण्यातही धोका आहे, तो मी लपवत नाही. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला साधारण ६० दिवस मिळतात. म्हणून ३० एप्रिलची वाट न बघता मिस्टरांनी आजच रेझ्युमे नीट करून चार ठिकाणी पाठवावा. सॅन होजेतली दुसरी नोकरी हा शीटमधला तिसरा रकाना आहे, आणि तो अजून कोरा आहे.

मुलीच्या शाळेचं थोडक्यात. नववी संपवून गेली तर बरं, अकरावीच्या मध्यात नको. टेक्सासमध्ये वर्गातल्या क्रमांकाला फार महत्त्व. ऑस्टिनचं विद्यापीठ २०२६ च्या फॉलपासून पहिल्या पाच टक्क्यांतल्यांनाच आपोआप प्रवेश देतं. बाहेरून आलेल्या मुलांचे नववीचे मार्क त्या क्रमांकात कसे धरतात हे शाळेलाच फोन करून विचारा, आणि तो फोन मुलीसमोर करा. तिला काय वाटतं, हे तुमच्या पत्रात एका ओळीनेही आलेलं नाही.

आता तुमची ओळ. टेक्सासचं फिजिओथेरपीचं लायसन्स वेगळं काढावं लागेल, तिथल्या कायद्याची परीक्षा द्यावी लागेल, मग क्लिनिक शोधायचं, आणि आठवड्याला तीनच दिवस देणारं. सहा महिने गेले तर तीस हजार डॉलर गेले. तेरा हजारांच्या बचतीची दोन वर्षांहून जास्त कमाई. हे मिस्टरांना भांडणाच्या सुरात सांगू नका. रविवारी चहा घेऊन शेजारी बसा, शीट उघडायला सांगा आणि स्वतःच्या हाताने ओळ टाइप करा.

मला विचाराल तर मी एवढ्यात हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मिस्टरांनी वर्षभर सॅन होजेतूनच काम करायची परवानगी मागावी, महिन्यातून आठवडाभर ऑस्टिन. त्या वर्षात मुलीची दहावी होईल, तुमचं लायसन्स होईल, आणि कंपनी खरंच तिथे रुजते की दोन वर्षांत आणखी कुठे निघते ते दिसेल. परवानगी नाकारली, पण पगार न कापता, नव्या पर्मचं लेखी कबूल करून बोलावलं, तर जा. घर भाड्याने देऊन जा, आणि तिथेही पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. पगार कापून, लेखी काही न देता बोलावत असतील तर तेरा हजारांसाठी हे घर मोडू नका.

टेक्सास वाईट नाही हो. आम्ही पाच वर्षं राहिलो. अंगण होतं, गणपतीला साठ माणसं घरात मावायची. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या बर्फात तीन दिवस वीज नव्हती, नळ कोरडे, फ्लशला पाणी म्हणून नवऱ्याने अंगणातला बर्फ बादलीने बाथटबमध्ये आणून टाकला होता. शेजारच्या आजीबाई गॅसवर सूप करून घरोघर वाटत होत्या. त्या अजून दिवाळीला फोन करतात.

कंपनी तुम्हाला गाव दाखवायला एप्रिलमध्ये नेईल. त्या दिवसांत हायवेच्या कडेला निळी ब्लूबॉनेट फुललेली असतात, सगळ्यांनाच गाव आवडतं. घर बघाल तेव्हा एजंटकडे त्या घराचं जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल आणि करांचा संपूर्ण तक्ता मागा. ‘मड’ची ओळ त्यात बहुधा तळाशी असते.